सोनोपंत दांडेकर आणि आळंदीची बिनफीची शाळा

वार्षिक परीक्षा संपून मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या देहू-आळंदीच्या परिसरात वारकरी बालसंस्कार शिबिरं सुरू होतात. कुठे पंधरा दिवसांची, कुठे महिनाभराची. पांढरा सदरा-पायजमा, कपाळाला गंध, गळ्यात टाळ अशी आठ-दहा वर्षांची मुलं पहाटे उठतात, काकडा म्हणतात, हरिपाठ पाठ करतात. पखवाजाचे बोल आधी तोंडाने म्हणतात, मग हाताने वाजवायला शिकतात आणि संध्याकाळी रांगेत उभी राहून पावल्या टाकतात. आपल्या बॅचमधल्या कितीतरी जणांची मुलं अशा शिबिरांना जाऊन आली आहेत. आपल्या वेळीही वर्गातली दोन-चार मुलं सुट्टीत आळंदीला जायची आणि जूनमध्ये शाळा उघडली की मधल्या सुट्टीत बाकावर ठेका धरायची. कोणत्या सरांनी त्याबद्दल त्यांना बाकावर उभं केलं होतं, ते इथे लिहीत नाही. सर हा लेख वाचणार आहेत.

या मुलांना शिकवणारे महाराज स्वतः कुठे शिकले, असं कुणी विचारलं तर उत्तर पुष्कळदा एकाच ठिकाणी जाऊन पोचतं : आळंदीची वारकरी शिक्षण संस्था. कुणी तिथे शिकलेला असतो, तर कुणी तिथे शिकलेल्याकडे शिकलेला. ही संस्था आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिने शंभरी ओलांडली आहे, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांना तिचा इतिहास ठाऊक नाही. शाळेच्या स्मरणिकेत मी दुसऱ्याच एका शाळेविषयी लिहिते आहे, हे संपादक मंडळ समजून घेईल अशी आशा आहे. त्या शाळेची गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे, असं मला वाटतं. विशेषतः त्या गोष्टीतल्या एका माणसाची. त्यांचं नाव शंकर वामन दांडेकर. लोक त्यांना सोनोपंत म्हणत, आणि जवळचे लोक मामासाहेब.

कीर्तन शिकायचं कुठे?

सोनोपंतांकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं. वारकरी कीर्तन ऐकत आपण मोठे झालो, पण ते शिकायला किती अवघड असतं याचा विचार आपण क्वचितच करतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, एखादं आख्यान असतं. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचंच निरूपण करतो. प्रत्येक मुद्द्याला संतवचनाचं प्रमाण द्यावं लागतं, आणि हातात पुस्तक नसतं. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, तुकोबांच्या गाथेतले अभंग साडेचार हजारांच्या घरात, शिवाय नामदेव, एकनाथ, निळोबा. हे सगळं पाठ असून भागत नाही. समोर टाळकरी उभे असताना नेमकी हवी ती ओवी नेमक्या क्षणी आठवावी लागते. माझं रोजचं काम माहिती साठवण्याचं आणि ती पटकन शोधून देण्याचं आहे. त्यासाठी आम्हाला केवढी यंत्रं लागतात ते ठाऊक असल्यामुळे चांगल्या कीर्तनकाराविषयी माझा आदर दर वर्षी वाढतच जातो.

मग हे शिकायचं कुठे? शेकडो वर्षं त्याचं उत्तर होतं : फडात आणि दिंडीत. आपल्या देहूचंच उदाहरण घ्या. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीला जायचं आणि तिथून माउलींच्या पादुकांसह पंढरपूरची वाट धरायची, असा तो क्रम होता. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. आज देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आळंदीची दुसऱ्या दिवशी. या सोहळ्यांच्या आधाराने फड वाढले, त्यांची घराणी झाली, त्यांचे नेम ठरले. मुलगा वडिलांच्या मागे उभा राहून टाळ धरायचा. ऐकता ऐकता चाली गळ्यात बसायच्या, वर्षानुवर्षं वारी केल्यावर प्रमाणं तोंडात यायची, आणि एक दिवस फडाचे प्रमुख म्हणायचे, आज तू उभा राहा.

या पद्धतीने परंपरा टिकली, हे मोठंच काम होतं. आळंदीत साखरे महाराजांच्या परंपरेत ग्रंथांचं अध्ययनही चालत होतं. तरीही एक अडचण उरत होती. ज्याच्या घरात फड नाही, ज्याचं गाव वारीच्या वाटेपासून दूर आहे, ज्याला वाचायला कुणी शिकवलेलं नाही, अशा विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला कीर्तन शिकावंसं वाटलं तर त्याने कुणाच्या दारात उभं राहायचं? प्रवेश देणारी, शिकवण्याचा क्रम ठरलेली अशी शाळा नव्हती.

पाडव्याला उघडलेली शाळा

ती शाळा काढली विष्णुबुवा जोग यांनी. वारकरी लोक त्यांना आदराने सद्गुरू जोग महाराज म्हणतात. जन्म १८६७ मधला, पुण्यातला. तरुणपणी तालमीचा नाद. लग्न केलं नाही. कीर्तनकाराच्या घराण्यात जन्मलेले नव्हते. त्यांनी कुणाकडून माळ घेतली नाही, तर माउलींच्या समाधीवर माळ ठेवून ती स्वतःच गळ्यात घातली, असं सांगतात. ही आठवण मला महत्त्वाची वाटते. ज्याला स्वतःला दार सापडायला कष्ट पडले, त्यानेच पुढे इतरांसाठी दार बांधलं.

जोग महाराजांनी आधी पुस्तकांचं काम केलं. तुकोबांची गाथा त्यांनी अर्थासह छापली. हरिपाठ आणि अमृतानुभव यांनाही अर्थ लिहिला. ज्याला गुरू मिळत नाही त्याने निदान पुस्तक उघडावं, हा त्यामागचा सरळ हिशोब दिसतो. पण कीर्तन पुस्तकावरून येत नाही. म्हणून २४ मार्च १९१७ रोजी, गुढीपाडव्याला, आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू झाली. पहिलं महायुद्ध चालू होतं, महागाई होती. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभर हाहाकार माजवला. अशा काळात फी न घेणारी निवासी शाळा काढणं म्हणजे धाडसच.

शाळेची रचना मात्र साधी होती. चार वर्षांचा अभ्यास. ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत, गीता, जोडीला गायन आणि मृदंग. शिक्षणाचे पैसे नाहीत. जेवणासाठी विद्यार्थ्याने झोळी घेऊन आळंदीत माधुकरी मागायची. आजही आळंदीच्या गल्ल्यांत माधुकरी मागणारे विद्यार्थी दिसतात. माधुकरीमुळे दोन गोष्टी साधत. संस्थेचा खर्च कमी राहत असे, आणि उद्याचा कीर्तनकार कितीही मोठा झाला तरी आपण गावाच्या भाकरीवर शिकलो हे त्याला विसरता येत नसे.

फी न घेण्यामागे आपल्या तुकोबांची शिकवण आहे. कीर्तन करणाऱ्याने कीर्तनाच्या ठिकाणी स्वतःसाठी काही घेऊ नये, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत बजावलेलं आहे. देणारा आणि घेणारा दोघांनाही त्यांनी दोष दिला आहे. ज्या विद्येचे पुढे पैसे घ्यायचे नाहीत, ती शिकवतानाही पैसे घेऊ नयेत, हे ओघाने आलंच. पण पैसे घ्यायचे नाहीत असं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न उभा राहतो. शाळा चालवायची कुणी? आणि चालवणाऱ्याने स्वतः खायचं काय?

या प्रश्नाची कसोटी फार लवकर लागली. १९२० मध्ये जोग महाराज गेले. संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती.

दोन ठिकाणी प्राचार्य

सोनोपंतांचा जन्म १८९६ चा. मूळचे ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, केळवे-माहीमचे. शिक्षणासाठी पुण्यात आले, जोग महाराजांच्या सहवासात आले आणि कायमचे त्यांचे झाले. संस्था निघाली तेव्हा ते एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. महाराज गेले तेव्हा त्यांना चोविसावं वर्ष चालू होतं. मराठवाड्यातले बंकटस्वामी यांच्यासारखे जोग महाराजांचे इतर शिष्य आणि सोनोपंत यांच्या पिढीने ती पोरकी संस्था खांद्यावर घेतली.

या मंडळींत सोनोपंतांची जागा जरा वेगळी होती. ते कीर्तन-प्रवचन करत, पण पोटापाण्यासाठी त्यांनी प्राध्यापकी धरली. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, म्हणजे आपल्या भाषेत एस. पी. कॉलेजात, ते तत्त्वज्ञान शिकवत, आणि पुढे तिथले प्राचार्य झाले. लग्न त्यांनीही केलं नाही. कॉलेजात प्लेटो आणि आळंदीत ज्ञानदेव, अशा दोन वर्गांत त्यांचं आयुष्य वाटलेलं होतं. ही वाटणी त्यांना खुपली नसावी, कारण त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'ज्ञानदेव आणि प्लेटो' आहे. एका वर्गाची विद्या ते दुसऱ्या वर्गात घेऊन जात.

याचा फायदा दोन्हीकडे झाला. विद्यापीठाच्या शिस्तीत वाढलेल्या या माणसाने १९२७ मध्ये वारकरी पंथाचा इतिहास लिहिला. आपल्याच पंथाकडे इतिहास म्हणून पाहायचं, कोण कधी झाला, कुणाने काय सुरू केलं हे तपासून मांडायचं, हे तेव्हा सोपं नव्हतं. श्रद्धाळू लोकांना वाटणार, याची गरज काय? आणि शिकलेल्यांना वाटणार, टाळकुट्यांचा कसला इतिहास! सोनोपंत दोघांच्याही मधे उभे राहिले. जोग महाराजांचं चरित्र त्यांनी लिहिलं, 'प्रसाद' मासिकाचं संपादन केलं, आणि १९५३ मध्ये त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आली. वर ओवी आणि खाली चालू मराठीत तिचा अर्थ. आजही अनेक घरांत जी ज्ञानेश्वरी पाटावर ठेवलेली असते, ती 'दांडेकर प्रत' हीच. कीर्तनकार ती वापरतात, कॉलेजचे विद्यार्थी वापरतात आणि पारायणाला बसणाऱ्या आपल्या आयाही वापरतात. एकाच पुस्तकावर हे तिघे एकत्र येतात, ही गोष्ट मराठीत फार थोड्या पुस्तकांच्या बाबतीत घडली आहे.

पण मला आज त्यांच्या पुस्तकांपेक्षा आळंदीच्या कामाबद्दल जास्त बोलायचं आहे. १९२० पासून १९६८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, जवळजवळ अर्धं शतक, सोनोपंतांचं आळंदीच्या त्या शाळेशी नातं तुटलं नाही. कॉलेजातलं पद वाढत गेलं, विद्वान म्हणून नाव झालं, तरी ते नातं तसंच राहिलं. त्या नात्यात पगार नव्हता. पगार कॉलेज देत होतं, म्हणूनच आळंदीकडून काही घ्यावं लागत नव्हतं. 'चालवणाऱ्याने खायचं काय' या प्रश्नाचं सोनोपंतांनी दिलेलं उत्तर असं साधं होतं. आपली भाकरी आपण दुसरीकडे मिळवायची आणि उरलेला जीव इथे द्यायचा.

बिनपगारी माणूस नेमकं काय करतो?

आपल्याकडे संस्थापकाचे पुतळे होतात, कीर्तनकाराचं नाव पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापतात. मधल्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही. फी न घेणारी निवासी शाळा चालवायची म्हणजे काय काय लागतं याची नुसती यादी करून पाहा. राहायला जागा, तिची डागडुजी. दिवाबत्ती, पाणी. देणगी देणाऱ्याला पावती आणि वर्षाअखेर हिशोब. शिकवायला माणसं, आणि त्यांच्यात मतभेद झाले तर ते मिटवायला आणखी एक माणूस. नवीन मुलगा आला की तो कुठून आला, घरी सांगून आला का, याची चौकशी. आजारी पडला तर औषध. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे पहिल्या पिढीने घालून दिलेले नियम कोणते राखायचे आणि कोणते बदलायचे, याचा निर्णय.

यातल्या एकाही कामाला टाळ्या पडत नाहीत. पण एक वर्ष ती झाली नाहीत तर शाळा बंद पडते. उत्साहाच्या भरात सुरू झालेल्या आणि पाच वर्षांत गुंडाळलेल्या किती संस्था आपण आपल्याच औद्योगिक पट्ट्यात पाहिल्या! संस्थापक गेल्यावर तिसऱ्या वर्षी बंद पडायला आळंदीच्या शाळेलाही कारणं पुष्कळ होती. ती बंद पडली नाही, याचं श्रेय एका माणसाचं नाही. पण त्या अनेकांत ज्याने हयातभर साथ दिली आणि बाहेरच्या जगातली आपली पत या शाळेच्या मागे उभी केली, असा माणूस म्हणून सोनोपंतांचं नाव घ्यावं लागतं.

साता समुद्रापलीकडची जत्रा

अशा गोष्टी फक्त आपल्याकडेच घडतात असं मात्र नाही. कामानिमित्त अमेरिकेत असताना मी पाहिलं, की ऑफिसातल्या सहकाऱ्यांची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चच्या शिबिरांना जात. तळ्याकाठी राहायचं, पोहायचं, प्रार्थना आणि गाणी शिकायची. नावं बदलली तर आपलंच बालसंस्कार शिबिर. तिथल्या या परंपरेतलं एक जुनं आणि प्रसिद्ध ठिकाण म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं शटॉक्वा. १८७४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या तळ्याकाठी दोन आठवड्यांचा मेळावा भरला. तो होता चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. म्हणजे तिथेही सुरुवात झाली ती शिकवणाऱ्यांना शिकवण्यापासून.

हा मेळावा दोघांनी सुरू केला. जॉन व्हिन्सेंट हे धर्मोपदेशक होते. दुसरे लुईस मिलर हे ओहायोतले शेतीची यंत्रं बनवणारे कारखानदार आणि संशोधक होते. गवत कापण्याच्या यंत्रांवर त्यांनी पैसा मिळवला, आणि फावल्या वेळात ते रविवारची शाळा चालवत. पुढे थॉमस एडिसन त्यांचे जावई झाले. १८७४ पासून १८९९ मध्ये मरेपर्यंत, पंचवीस वर्षं, मिलर शटॉक्वाचे अध्यक्ष होते. ती संस्था आजही दर उन्हाळ्यात भरते.

चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मित्रांना मिलरची गोष्ट जवळची वाटेल. दिवसा यंत्र, रविवारी शाळा. सोनोपंतांकडे यंत्रांऐवजी तत्त्वज्ञानाचा वर्ग होता, एवढाच फरक. दोघांनीही आपला धंदा सोडला नाही, दोघांनीही धर्माच्या कामावर पोट भरलं नाही, आणि दोघेही वर्षानुवर्षं टिकून राहिले. मला वाटतं, अशा संस्थांना उपदेशकाइतकाच हा दुसरा माणूस लागतो.

काय मिळालं, काय राहून गेलं

आळंदीच्या शाळेने काय दिलं? महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका पाहा. कीर्तनकारांच्या नावाखाली त्यांचं गाव दिलेलं असतं. त्या गावांत मोठी क्षेत्रं थोडी आणि साधी खेडी जास्त असतात. ज्यांच्या घरात फड नव्हता, ज्यांच्या आजोबांना सही येत नव्हती, अशा घरांतली मुलं आज ज्ञानेश्वरीवर बोलतात. कोणत्या घरात जन्मलो यावर अवलंबून असलेली विद्या चार वर्षं मन लावून शिकणाऱ्याला मिळू लागली. उन्हाळी शिबिरात आठ वर्षांच्या पोराला पखवाज शिकवणारा तरुण हा त्याच बदलाचा शेवटचा दुवा आहे.

पण इतिहास सांगायचा तर राहून गेलेलंही सांगायला हवं. ही शाळा मुलग्यांची होती. शिऊरच्या संत बहिणाबाई तुकोबांच्या ओढीने याच देहूत आल्या, त्यांनी त्यांना गुरू मानलं आणि आपलं आयुष्य स्वतःच्या अभंगांतून सांगितलं. ज्या गावाने हे पाहिलं, त्या परिसरात मुलींनी कीर्तन शिकायचं कुठे हा प्रश्न मात्र पुढे कितीतरी काळ तसाच राहिला. आपल्या लहानपणी आपण मुली पालखीपुढे तुळस घेऊन चालायचो, फुगड्या घालायचो. पखवाज कुणी आपल्या हातात दिला नाही. आता मुलींसाठी शिबिरं निघतात, स्त्री कीर्तनकारांची नावं सप्ताहाच्या पत्रिकेवर दिसतात. उशिरा का होईना, दार किलकिलं झालं आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. तुकोबांचं बजावणं आणि आजच्या काही कीर्तनांच्या मानधनाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर काय वाटतं, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे, आणि हा लेख लिहायला मी बसले ती तिच्यामुळे. आळंदीत आज वारकरी शिक्षण देणाऱ्या खासगी निवासी संस्था पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेक ठिकाणी चांगलं काम चालतं. पण गेल्या काही वर्षांत काही ठिकाणांहून मुलांच्या सुरक्षिततेच्या तक्रारी आल्या, गुन्हे नोंदवले गेले आणि प्रशासनाला संस्थांची तपासणी करावी लागली. बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्या वाचून कुणी म्हणालं, मुलांना पाठवायलाच नको. कुणी म्हणालं, ही पंथाची बदनामी आहे. मला दोन्ही उत्तरं पुरेशी वाटत नाहीत. शिकवणारा, पैसे घेणारा, मुलांना ठेवून घेणारा आणि हिशोब पाहणारा एकच माणूस असेल, तर चूक पकडायची कुणी? तिथे ज्याचं पोट त्या संस्थेवर अवलंबून नाही, ज्याला आत येऊन प्रश्न विचारता येतो, असा माणूस लागतो. कायद्यात त्याला विश्वस्त म्हणतात. शब्द चांगला आहे. ज्याच्यावर विश्वास टाकला तो. पण विश्वास टाकणाऱ्याच्या वतीने त्याने डोळे उघडे ठेवायचे असतात, हा त्या शब्दाचा अर्धा भाग आपण विसरतो.

आपल्यापुरतं

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत. कुणी कंपनीत मॅनेजर आहे, कुणी स्वतःचं वर्कशॉप टाकलं आहे, कुणी शिक्षक, कुणी शेती आणि दुकान दोन्ही सांभाळतं. याच वयात आपल्याकडे माणसं येतात : मंदिराच्या समितीत या, सप्ताहाच्या मंडळात या, शाळेच्या व्यवस्थापन समितीत नाव देऊ का, शिबिरासाठी काही मदत कराल का. आपण बहुतेक वेळा पावती फाडून मोकळे होतो. किंवा नाव देतो आणि मीटिंगला जात नाही. फ्लेक्सवर फोटो येतो, काम संपतं.

सोनोपंतांचं उदाहरण समोर ठेवलं तर आणखी काही करता येईल. यासाठी ब्रह्मचारी राहावं लागत नाही आणि ज्ञानेश्वरीवर अधिकारही लागत नाही. ज्या शिबिराला आपलं मूल जातं, तिथे सुट्टीच्या मधल्याच एखाद्या दिवशी न सांगता जाऊन यावं. मुलं झोपतात कुठे, रात्री त्यांच्याजवळ कोण असतं, स्वच्छतागृहाला दार-कडी आहे का, घरी फोन करायचा असेल तर मुलाला फोन मिळतो का, हे विचारावं. संस्थेची नोंदणी आणि वर्षाचा हिशोब पाहायला मागावा. ज्याचं काम स्वच्छ आहे तो आनंदाने दाखवतो. आणि जिथे काम चांगलं चाललेलं दिसेल, तिथे एका वर्षाच्या देणगीपेक्षा दहा वर्षांचे रविवार द्यावेत. हिशोब ज्याला येतो त्याने वह्या पाहाव्यात, डॉक्टर असेल त्याने मुलं तपासावीत, माझ्यासारखीने नोंदी ठेवण्याची सोय करून द्यावी. आपल्या मुलींसाठी तिथे जागा आहे का, हेही प्रत्येक मीटिंगमध्ये विचारत राहावं.

आपल्या सरांना आणि बाईंना हे नवीन नाही. शाळा सुटल्यावर एस. एस. सी.च्या मुलांचे जादा तास त्यांनी घेतले, त्याचे पैसे कुणी दिले नव्हते. सहलीत आपली डोकी मोजत बसचं दार अडवून तेच उभे राहत. आपल्याला ते कटकट वाटायचं. आज स्वतःची मुलं दुसऱ्याच्या हवाली करताना कळतं, की ती मोजणी म्हणजेच विश्वस्ताचं काम होतं.

पालघरच्या महाविद्यालयाला सोनोपंत दांडेकरांचं नाव दिलेलं आहे. आपल्या भागात मात्र त्यांचं नाव विचारलं तर जुनी माणसंच मान डोलावतात. घरी गेल्यावर देव्हाऱ्याजवळची ज्ञानेश्वरी काढा आणि पहिलं पान उघडा. पुष्कळ घरांत तिथे तेच नाव सापडेल. मुलं शेजारी असतील तर त्यांना सांगा, की हे सर पुण्यात कॉलेज चालवायचे, आणि आळंदीतली एक शाळाही सांभाळायचे. त्या दुसऱ्या शाळेचा पगार त्यांनी कधी घेतला नाही, आणि तिची साथही कधी सोडली नाही.